सरस्वतीच्या डब्यातल्या चोची

सकाळची पूजा उरकून मी तुळशीला पाणी घालायला दारात यायची, त्याच सुमाराला सरस्वतीची वरात आमच्या गल्लीतून निघायची. दोन्ही हातांना दोन-दोन मुलं, एखादं रडकं कडेवर, आणि मागे तीन-चार जण एकमेकांच्या सदऱ्याचं टोक धरून. मुलांना घरोघरून गोळा करून अंगणवाडीत नेणाऱ्या बाईला इकडे सुरतेत तेडागर म्हणतात. सरस्वती अकरा वर्षं तेडागर होती. मुलं आणायची, झाडलोट करायची, उपमा नाहीतर सुखडी रांधायची, कोणाचं नाक पुसायचं, कोणाची चड्डी बदलायची. शिकवायचं काम हंसाबेनचं. त्या कार्यकर बेन, म्हणजे अंगणवाडीच्या मुख्य बाई.

सरस्वती पारोळ्याकडची. लग्न होऊन लिंबायतला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा सुपडू कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी तर एक आठवडा रातपाळी. लूमवाल्यांना हळू बोलणं माहीत नसतं, खटखटाटात आयुष्य गेलेलं. हाही घरात बोलायचा तर गल्लीला ऐकू जायचं. "सरस्वती, मीठ दे" एवढं म्हणाला तरी शेजारची बाई मीठ घेऊन दारात. सरस्वती मात्र हळू बोलते. लग्नानंतर काही वर्षं तिने घरात बसून साड्यांचे धागे कापले, साड्यांवर खडे चिकटवले. मग तेडागरची जागा निघाली आणि ती तिथे लागली.

तिला मुलांना घेऊन चालायची एक खोड होती. थांबायची. खाडीच्या पुलावर बगळा दिसला की सगळी वरात थांबायची. बगळा मासा धरेपर्यंत कोणी हलायचं नाही. हंसाबेन दारात उभ्या राहून घड्याळ बघायच्या. "सरस्वती, आजे पण बगलो?" असं विचारायच्या, आणि ही मान खाली घालून हसायची.

तिला दहावीच्या परीक्षेने फार छळलं. गावी नववीत शाळा सुटलेली. पस्तिसाव्या वर्षी तिने बाहेरून फॉर्म भरला. इंग्रजीत दोनदा गेली. तिची मुलगी स्वाती तिला रोज संध्याकाळी स्पेलिंगं विचारायची आणि चुकलं की आईसारखीच डोक्यात टपली मारायची. तिसऱ्या खेपेला सुटली. पेढे घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, देवापुढे ठेव आधी. तर म्हणाली, "ठेवून आले वहिनी. देवाला सांगितलं, इंग्रजीत पस्तीसच आहेत, जास्त हसू नको."

हे दोन वर्षांपूर्वीचं. हंसाबेन त्याच दिवाळीला निवृत्त व्हायच्या होत्या, आणि त्यांच्या जागेसाठी सरस्वतीने अर्ज केला होता. कागद पुरे होते. पण मुख्य सेविका बेन, म्हणजे अंगणवाड्या तपासणाऱ्या वरच्या बाई, एक दिवस येऊन तिचा वर्ग बघणार होत्या आणि मग शेरा लिहिणार होत्या. तारीखही ठरली, नवरात्रातला सोमवार. विषय वरून आलेला होता, पक्ष्यांच्या चोची.

विषयाबरोबर एक तक्ताही आला होता. त्यावर पेंग्विन होता, धनेश होता, आणि चोचीखाली पिशवी लोंबणारा कुठलासा पांढरा पक्षी. मुलांनी तक्ता पाहिला आणि एकाने विचारलं, "बेन, ये किधर रहता है?" हंसाबेन म्हणाल्या, दूर रहता है. झालं. मुलं तक्ता सोडून खिडकीतली चिमणी बघायला गेली.

हंसाबेनचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "तूच कर सरस्वती, परीक्षा तारी छे." मग सरस्वतीने घरून एक प्लास्टिकचा डबा आणला. मला आधी दाखवायला घेऊन आली होती, म्हणून काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पोळी उलटायचा लांब चिमटा, तो बगळा. सुपारीचा अडकित्ता, तो पोपट. चहाची गाळणी म्हणजे बदक. खडे चिकटवणाऱ्या बायका ज्या बारीक चिमट्याने खडा उचलतात तो चिमणीचा. सुपडू लूमवर ताण्याचा धागा ओवायला एक चपटा बारीक आकडा वापरायचा. त्याचं टोक वाकलेलं. तो फुलातला रस पिणाऱ्या इवल्या पाखराचा. आणि सुपडूचीच जुनी पक्कड, दांड्याला निळी चिंधी गुंडाळलेली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"कावळ्याची. धरते, ओढते, पिळते, फोडते. एक काम ठरलेलं नाही तिचं."

"आणि सुपडूला लागली म्हणजे?"

"त्याला सांगितलंय, आता ही कावळ्याकडे गेली. म्हणतो, मग मी काय चोचीने नट सोडवू का."

ती शिकवायची ती रीत मी एकदा दारातून पाहिली. तीन ताटल्या आणि एक अरुंद बाटली. एकीत ज्वारी, एकीत पाण्यावर तरंगणारे कुरमुरे, बाटलीत तळाशी दोऱ्याचे तुकडे, म्हणजे अळ्या, आणि एकीत कडक झालेली भाकरी. प्रत्येक मुलाच्या हातात एक चोच. ज्याला जे उचलता येईल ते त्याने आपल्या वाटीत टाकायचं. गाळणीवाला पोरगा बाटलीत गाळणी खुपसत बसला, रडकुंडीला आला. आकडेवालीने अळ्या भराभर काढल्या, पण भाकरीला टोचत राहिली. सरस्वती काही सांगेना. नुसती विचारायची, "का रे नाही येत? तुझी चोच वाईट आहे का?" शेवटी तो गाळणीवाला कुरमुऱ्यांच्या ताटलीकडे गेला, एकदा बुडवली आणि मूठभर कुरमुरे वर. ते पोरगं असं हसलं की मलाही हसू आलं. सरस्वती म्हणाली, "वाईट चोच कोणाचीच नसते. ज्याचं ताट त्याला." मला ते वाक्य आवडलं, मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

आता इंदुबाईंचं सांगते. त्यांचं घर माझ्या पाठीला पाठ लावून. गच्ची जवळजवळ एकच, मध्ये गुडघाभर कठडा. इंदुबाई गल्लीतल्या जुन्या. कोणाचं बारसं असो की मयत, आधी त्यांना विचारायचं. त्यांचे मालक बळीरामआबा आदल्या वर्षी भाद्रपदातच गेले. आबांचं पहिलंच पितृपक्षातलं पान दशमीला होतं. नात धनश्री, चार वर्षांची, सरस्वतीच्याच अंगणवाडीत. आबा गेल्यापासून इंदुबाई तिला सांगायच्या, आबा कावळा होऊन जेवायला येतील. ती रोज गच्चीवर बघायची.

दशमीच्या दिवशी सकाळी नेमका सरस्वतीने कावळा शिकवला. पक्कडीने भाकरी तोडून दाखवली आणि सांगितलं, हा सगळं खातो. पोळी, भात, फळं, कचऱ्यातलं, मेलेला उंदीरसुद्धा. तो आपली गल्ली साफ ठेवतो. यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण दिवस तो होता.

दुपारी इंदुबाईंनी गच्चीवर पान ठेवलं. खीर, भात, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, डांगराची भाजी. मुलगा हेमराज, सून, दोन पाहुणे, सगळे हात जोडून. मी कठड्याच्या अलीकडे उभी. इंदुबाई म्हणाल्या, "या आबा, जेवायला या."

आणि धनश्री आपल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आबा, इथे उंदीर नाही हां. आज वडा आहे."

कोणाला काही कळेना. हेमराजने विचारलं, काय बोलतेस. तेव्हा तिने शहाण्यासारखं सगळं सांगितलं. बेन म्हणाल्या, कावळा उंदीर खातो. मेलेला. असा धरतो, असा ओढतो.

इंदुबाईंचा चेहरा मी पाहिला. हात तसेच जोडलेले. अर्धा तास गेला. समोरच्या तारेवर दोन कावळे बसले होते, ते काही खाली उतरेनात. उतरली ती कबुतरं. कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ रोज पत्र्यावर ज्वारी टाकतात, त्यामुळे आमच्याकडे कबुतरांना तोटा नाही. तीस-चाळीस आली आणि पानाचा चट्टामट्टा केला. कावळे तारेवरून बघत राहिले आणि उडून गेले.

इंदुबाई रागावल्या की अहिराणीवर येतात. "मना घरना माणूस उंदीर खातस का? पानावर बोलावतस आणि नात उंदीर दाखाडस. ते कसाले येतीन?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलं ना वहिनी? कावळा शिवला नाही. वर्षभरात पहिलं पान."

माझ्या सासऱ्यांच्या वेळी कावळा शिवला नव्हता तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. मला त्यांचं दुःख कळत होतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अंगणवाडीत नऊ मुलं कमी आली. बुधवारी सहाच उरली. सरस्वती दारोदार गेली तर बायका म्हणायच्या, अमावास्या होऊ दे गं, मग बघू. एकीने तर विचारलं, "आमच्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, त्या काय खातात तेही सांग की." तिला हे फार लागलं. सोमवारी मुख्य सेविका येणार आणि वर्गात सहा मुलं. गल्ली जिला मुलं देत नाही तिला जागा कोण देणार?

बुधवारी दुपारी ती इंदुबाईंच्या दारात गेली. धनश्री उंबऱ्यावर बसली होती. तिच्यापुढे उकिडवी बसून सरस्वती म्हणाली, "धनु, बेनचं चुकलं हां. कावळा उंदीर नाही खात. पोळी खातो, भात खातो." आतून इंदुबाईंनी ऐकलं. बाहेर आल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी धनश्रीला वेणी घालून दारात उभी केली. म्हणजे माफ केलं. गल्लीला कळलं की दोन दिवसांत बाकीचीही येतील असं तिला वाटलं.

गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे आली. मी पोथी वाचत होते. ती खांबाला टेकून बसली, पाणीही घेतलं नाही. अध्याय संपवून मी विचारलं, काय झालं.

"सकाळी पुलावर कावळा होता वहिनी. कठड्यावर. पायाखाली उंदीर."

"आणि धनश्री?"

"माझ्या हाताला होती. बघत राहिली. मीही बघत राहिले, काय सुचेना. मग तिने उंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फक्त हात सोडला आणि मागच्या मुलाचा शर्ट धरला."

मी पोथी मिटली. ती म्हणाली, "अकरा वर्षांत एका पोराने असा हात नाही सोडला. पडली, रडली, चावली, पण हात सोडला नाही. मी तिच्याशी खोटं बोलले. आणि कशासाठी, तर सोमवारसाठी."

"मग आता?"

"तुम्ही पोथी वाचता म्हणून विचारायला आले. कावळा उंदीर खातो असं म्हटलं तर पितरांचा अपमान होतो का?"

मी पोथी कपड्यात बांधत होते. म्हटलं, "यात उंदराचं काही लिहिलेलं नाही गं. देवाने चोच दिली तिला काय खायचं तेही देवानेच सांगितलं असेल. पण हे मी इंदुबाईंना सांगू शकत नाही. त्यांचं पान कावळ्याने शिवलं नाही. कबुतरांनी खाल्लं, माझ्या डोळ्यांदेखत."

"सगळं?"

"दाणा ठेवला नाही."

"वडासुद्धा?"

"वडा कुठे दिसत होता? सगळं कालवून ठेवलेलं. वडे खिरीत कुस्करून, भातात घालून, मऊ लगदा. आबांचे शेवटी दात गेले होते ना. तशीच सवय राहिली असेल हाताला."

सरस्वती सरळ बसली. मग म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला वहिनी. एकटीला नाही व्हायचं."

शुक्रवारी आम्ही गेलो. इंदुबाई तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या, पण सुपावरून मान वर केली नाही. सरस्वती बसली नाही.

"मावशी, बुधवारी मी धनश्रीला खोटं सांगितलं. कावळा उंदीर खातो. तिने डोळ्यांनी पाहिलंय. मी तिला खरं सांगणार आहे. तुम्ही तिला पाठवा नाहीतर नका पाठवू."

इंदुबाई म्हणाल्या, "नही धाडत मग."

"बरं."

"तुना सोमवार शे ना?"

"आहे."

"मग कसाले सांगस?"

"ती माझा हात धरत नाही मावशी."

यावर इंदुबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. सुपातले हात थांबले. आत टीव्हीवर गरब्याची गाणी चालू होती. सरस्वती जायला वळली आणि दारातून परत आली.

"अजून एक सांगू? रागावू नका. उद्या अमावास्या. पान ठेवाल तेव्हा वडा कुस्करू नका. अख्खा ठेवा."

"माले शिकाडस का आते? चौदा महिने दात नव्हते त्यांना. मी या बोटांनी कुस्करून भरवलंय. नुसता वडा कसा चावतील ते?"

"मावशी, आता दातांचं काम नाही," सरस्वती हळूच म्हणाली. "आबांना आता चोच आहे."

इंदुबाई बघत राहिल्या.

"कबुतराची चोच लहान, मऊ. दाणा उचलायची. कालवलेलं असलं की त्यांचंच फावतं, आणि तीस कबुतरांत एक कावळा उतरत नाही. वडा अख्खा असला तर कबुतराला फुटत नाही, टोचून टोचून कंटाळतं. कावळा पायाखाली धरतो आणि फाडतो. त्याला मऊ करून द्यायची गरजच नाही."

"आणि भात? भाताशिवाय पान होतं का?" हे इंदुबाईंनी तिला नाही, मला विचारलं.

मी म्हटलं, "भात-खीर गायीच्या घासात घाला. तोही पक्षातलाच घास आहे. कावळ्याला वडा, भजी, पुरी. चालतं." पोथीत असंच लिहिलंय असं मी म्हटलं नाही. पण चालतं, एवढं मी माझ्या जबाबदारीवर म्हटलं.

इंदुबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "बघू," म्हणाल्या. आम्ही परत आलो.

सर्वपित्रीला बारा वाजता मी माझं पान ठेवून कठड्यापाशी उभी राहिले. पलीकडे इंदुबाई पान घेऊन आल्या. दोन वडे, अख्खे, तांबूस तळलेले. गिलक्याची चार भजी. दोन पुऱ्या. भाताचं शीत नाही. ठेवताना त्यांचा हात वड्यावर गेला, बोटं आपोआप दाबायला लागली, आणि त्यांनी हात मागे घेतला. सरस्वतीला बोलावलेलं नव्हतं, पण ती माझ्या गच्चीवर माझ्या मागे होती. धनश्री आजीच्या पदराआड.

कबुतरं आली. पुरीवर चढली, वड्याला दोन-चार टोचे मारले, वडा घरंगळला. त्यात त्यांना काही मिळेना. शेठनी तेवढ्यात पत्र्यावर ज्वारी टाकली असावी, कारण सगळी भुर्रकन तिकडे गेली. गच्ची रिकामी. तारेवर एक कावळा होता. मान वाकडी करून त्याने पाहिलं, उतरला, दोन उड्या मारल्या. आधी भजं उचलून टाकून दिलं. मग वड्यावर पाय ठेवला आणि चोचीने ओढला.

इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला. हेमराज मान खाली घालून उभा. मी मनात देवाचं नाव घेतलं. धनश्री पदराआडून बाहेर आली आणि अगदी जवळ जाऊन बसली, तरी कावळा उडाला नाही.

"पाय ठेवतो, मग ओढतो," ती म्हणाली. "पक्कड." मग मागे वळून तिने कठड्याकडे पाहिलं, सरस्वतीला पाहिलं. आणि तिथूनच विचारलं, "बेन, उंदीर पण असाच फाडतो?"

इंदुबाई तिथेच. आबा जेवताहेत. सरस्वतीने एक क्षण डोळे मिटले आणि म्हणाली, "हो धनु. असाच. बुधवारी बेन खोटं बोलली होती."

कावळ्याने अर्धा वडा चोचीत धरला आणि उडाला. इंदुबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वडा मिळत नसेल तेव्हा खात असतील. लूमवर असताना काय कमी खाल्लं त्यांनी. ज्याने डबा उघडला त्याच्या डब्यातलं. कधी नाव ठेवलं नाही कशाला."

हेमराज म्हणाला, "आई, तुझ्या कारल्यालासुद्धा नाही."

"चूप बैस," इंदुबाई म्हणाल्या, आणि हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, सरस्वती पहाटेपासून अंगणवाडीत. झाडलं, पुसलं, ताटल्या मांडल्या. पण एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. ती वर्गात थांबली तर मुलं कोण आणणार? हंसाबेनना चालवत नव्हतं. ती अंगणवाडीच्या दारात येऊन रडवेली उभी राहिली. मुख्य सेविका दहाला येणार, साडेनऊ वाजलेले.

मी तुळशीपाशी होते. गल्लीच्या वरच्या टोकाकडून इंदुबाईंचा आवाज आला. "शोभाबाई, पोरगं दे. अजून न्हालं नसेल तर तसंच दे." दार ठोठावलं जात होतं, पुढचं दार, त्याच्या पुढचं. जिने अमावास्येवर ढकललं होतं तिला त्या म्हणाल्या, "झाली ना आते अमावास्या? मग?" पंधरा मिनिटांनी त्या आमच्या दारावरून गेल्या. दोन हातांना चार मुलं, मागे लांबच लांब शेपूट. एवढ्या मुलांची सवय नाही, घामाघूम झालेल्या. "वहिनी, शेवटचं हागरं-मुतरं सांभाळा," असं म्हणाल्या म्हणून मीही शेवटच्या मुलाचा हात धरून गेले. बाविसांपैकी एकवीस आली. एकाला ताप होता.

मुख्य सेविका बेन बाकावर बसल्या. त्यांनी पहिलं विचारलं, तक्ता कुठे आहे? सरस्वतीने भिंतीकडे हात केला. "लावलाय बेन. पण हे पक्षी लिंबायतला येत नाहीत. आले की शिकवीन." हंसाबेननी कपाळाला हात लावला. मुख्य सेविका बेननी वहीत काहीतरी लिहिलं.

मग चोची वाटल्या. गोंधळ व्हायचा तो झालाच. अडकित्त्यात एकाचं बोट सापडता सापडता राहिलं आणि सरस्वतीने तो काढून आपल्या कमरेला खोचला. मुख्य सेविका बेननी धनश्रीला जवळ बोलावलं, गुजरातीत विचारलं, कागडो शुं खाय? धनश्रीने पक्कड दोन्ही हातांनी धरली होती. म्हणाली, "बद्धुं खाय. वडा, उंदीर, भाकरी. भजं नाही आवडत."

"भजं क्यों नहीं?" बेन हसत म्हणाल्या.

"मेरे को क्या मालूम. उसको पूछो."

दारात बसलेल्या इंदुबाई म्हणाल्या, "त्यांना गिलकं आवडायचंच नाही." मग सगळ्या बायकांकडे बघून, "आता पुढच्या वर्षी भजी बटाट्याची."

बेननी शेरा काय लिहिला ते कोणाला दाखवला नाही. देवदिवाळीच्या चार दिवस आधी हुकूम आला, सरस्वती कार्यकर झाली. सुपडूने ही बातमी एवढ्या मोठ्याने सांगितली की दोन गल्ल्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. ती पेढे घेऊन आली. देवापुढे ठेवून मी एक तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, तेडागरच्या जागेसाठी बाई बघताहेत, कोणी चालणारी असली तर सांगा वहिनी. पुलावर बगळा दिसला की थांबणारी पाहिजे, एवढंच.